बाहुल्यांचा दवाखाना



व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे विषय विचारायला आले, तेव्हा त्यांनी आपल्या वहीत 'नव्या कामगार संहिता' असा विषय आधीच लिहून आणला होता. मी तो खोडायला सांगितला आणि त्या जागी 'न्यूयॉर्क डॉल्स' असे लिहा म्हणालो. चिटणिसांनी पेन खाली ठेवले. त्यांना वाटले की मी थट्टा करतो आहे, किंवा माझी प्रकृती बरी नाही. मग मी त्यांना चहा पाजून जी हकिकत सांगितली, तीच आज आपल्यापुढे सांगणार आहे.

पहिल्यानेच कबूल करतो की मी संगीतातला जाणकार नाही. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी शिकलो ते मालकांच्या नोटिसा वाचता याव्यात म्हणून. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक नोटीस उकलीत गेलो. तेव्हा रागदारीच्या अंगाने कोणी मला प्रश्न विचारू नयेत. मी तयार कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांत काम करतो आणि ह्या विषयाकडे आलो तोही कपड्यांच्याच वाटेने.

आमच्या कचेरीत दरवर्षी मार्च महिन्यात एक अभ्यासवर्ग होतो. त्यात मी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याची हकिकत सांगतो. २५ मार्च १९११ रोजी त्या शहरातल्या एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर, बायकांचे ब्लाऊज शिवण्याच्या कारखान्यात आग लागली. बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. १४६ माणसे मेली. त्यांतल्या बहुतेक इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या तरुण मुली होत्या. मेलेल्यांची नावे आणि वये वाचताना वर्गातल्या पोरी अगदी गप्प होतात, कारण वये त्यांचीच असतात.

दोन वर्षांपूर्वी ह्या वर्गाची तयारी करताना मी त्या भागाचा नकाशा उघडून बसलो होतो. माझी ही सवयच आहे. घटना कोठे घडली, जवळ काय होते, माणसे कामाला कोठून चालत येत असतील, हे पाहिल्याशिवाय मला ती खरी वाटत नाही. तर त्या इमारतीपासून थोड्याच गल्ल्या टाकल्या की ब्रॉडवे रस्त्यावर एक जुने हॉटेल होते. १८७० साली ते उघडले तेव्हा त्याचा मोठा डौल होता. १८७२ च्या जानेवारीत रेल्वेच्या भागभांडवलात गोलमाल करून गब्बर झालेला जिम फिस्क नावाचा धनिक ह्याच हॉटेलच्या जिन्यावर गोळी लागून पडला. पुढे शंभर वर्षांत हॉटेलाची रया गेली आणि सरकारी मदतीवर जगणारी गरीब माणसे तेथे राहू लागली. ३ ऑगस्ट १९७३ रोजी ती इमारत कोसळली. चार माणसे दगावली. एक इमारत जळते, दुसरी कोसळते, आणि दोन्हींत मरतो तो कोण, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

त्या कोसळलेल्या इमारतीच्या एका भागात 'मर्सर आर्ट्‌स सेंटर' नावाचे नाट्यगृहांचे एक संकुल होते. तेथल्या 'ऑस्कर वाइल्ड' नावाच्या खोलीत १९७२ च्या उन्हाळ्यापासून दर मंगळवारी पाच पोरे गात-वाजवीत असत. त्यांचे नाव न्यूयॉर्क डॉल्स. मी पुढे वाचू लागलो आणि चौथ्या-पाचव्या ओळीतच थबकलो. त्यांतले दोघे कपड्यांच्या धंद्यातले होते!

ह्या दोघांची ओळख करून देतो. पहिला सिल्व्हेन मिझ्राही. पुढे तो सिल्व्हेन सिल्व्हेन म्हणून ओळखला गेला. जन्म १९५१ चा, कैरोचा, घराणे ज्यू. १९५६ साली सुएझच्या कालव्यावरून लढाई झाली आणि इजिप्तमधल्या ज्यूंना तेथे राहणे कठीण झाले. हे कुटुंब फ्रान्समार्गे अमेरिकेला आले. दुसरा बिली मर्सिया. तो दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाचा. दोघांची गाठ न्यूयॉर्कच्या क्वीन्स ह्या भागात पडली. ही जागा गगनचुंबी इमारतींची नव्हे. परदेशांतून पोट भरायला आलेल्या कुटुंबांची वस्ती. दोघांनी मिळून विणलेल्या स्वेटरांचा धंदा काढला. 'ट्रूथ अँड सोल' असे त्याचे नाव. शिवाय सिल्व्हेन लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका कपड्यांच्या दुकानात कामाला होता. त्या दुकानासमोर एक पाटी होती : 'न्यूयॉर्क डॉल हॉस्पिटल'. बाहुल्यांचा दवाखाना! मोडलेल्या बाहुल्यांचे हात, पाय, डोळे तेथे बसवून मिळत. ती पाटी रोज पाहून पाहून त्याला आपल्या भावी मंडळाचे नाव सुचले.

बाकीचे तिघे असेच साध्या घरांतले. गाणारा डेव्हिड जोहान्सेन स्टेटन आयलंडचा. त्याचे वडील विम्याचे काम करीत, आई ग्रंथपाल होती. मुख्य गिटार वाजवणारा जॉन जेंझेल, इटालियन घरातला, क्वीन्सचा. त्याने आपले नाव जॉनी थंडर्स असे ठेवले. आर्थर केन हा धिप्पाड, पिंगट केसांचा, अबोल पोरगा खर्जातली गिटार वाजवी. सायकलींच्या एका दुकानात रात्री ह्यांच्या तालमी चालत. १९७१ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री एंडिकॉट हॉटेलात बेघर, निराधार लोकांसमोर त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. सिल्व्हेन थोड्याच दिवसांनी, पहिल्या एका गिटारवाल्याच्या जागी, मंडळात आला.

आता त्या काळाबद्दल थोडे सांगायला हवे. १९७१–७२ साली इंग्लंडात 'ग्लॅम रॉक' नावाचा एक प्रकार जोरात होता. पुरुष गायक डोळ्यांखाली चमकी लावीत, झगझगीत कपडे आणि उंच टाचांचे बूट घालीत. मार्क बोलन आणि डेव्हिड बोवी ही त्यांतली मोठी नावे. दुसऱ्या बाजूला जे गंभीर समजले जाणारे संगीत होते ते फार लांबलचक आणि फार कसबी झाले होते. एकेक गाणे वीस-वीस मिनिटांचे, रंगमंचावर यंत्रांच्या राशी. ते ऐकून पोराला वाटावे की हे आपल्याला ह्या जन्मी जमणार नाही. किमान वेतनाच्या परिपत्रकात कामगारांचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन वर्ग असतात. १९७० च्या सुमारास रॉक संगीताच्या धंद्यात कुशलांखेरीज कोणाला दरवाजातून आत घेत नव्हते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

डॉल्स हे उघड उघड अकुशल वर्गातले होते. त्यांनी ग्लॅमचा पोशाख घेतला, पण तो विकत घेण्याइतके पैसे नव्हते म्हणून जुन्या बाजारातला घेतला. बायकांचे ब्लाऊज, फाटके मोजे, स्वस्तातली लिपस्टिक, वर टोपी, आणि खाली छातीवरचे केस दिसताहेत! आपल्या महाराष्ट्राला पुरुषाने स्त्रीवेष घेणे नवे नाही. बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूचा काठ घरंदाज बायका दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मागत. परंतु बालगंधर्वांची सारी तपश्चर्या प्रेक्षकाला पुरुषाचा विसर पाडण्यासाठी होती. डॉल्सना तसे काही करायचे नव्हते. आम्ही पुरुष आहोत, आम्ही लिपस्टिक लावली आहे, आणि तुम्हाला त्याचे काय करायचे ते करा, असा तो एकंदर प्रकार होता. जोहान्सेनचा चार्ल्स लडलम ह्यांच्या विडंबन-नाट्याच्या मंडळीशी संबंध आला होता; तेथून त्याने बरेच उचलले असावे.

आणि गाणे? ते तीन-चार मिनिटांचे. तीन-चार सूर, दोन गिटारी एकमेकींवर ओरडत आहेत, मागे ढोल धावतो आहे आणि जोहान्सेन रस्त्यावर भांडण चालल्यासारखा गातो आहे. मी प्रथम मोबाइलवर ऐकले तेव्हा मंडळींनी स्वयंपाकघरातून विचारले की कोठे मारामारी लागली का. पण चार वेळा ऐकल्यावर माझ्या ध्यानात आले की ह्या गोंगाटाच्या खाली जुने काहीतरी आहे. त्यांच्या पहिल्या तबकडीत बो डिडली ह्या काळ्या गायकाचे 'पिल्स' हे गाणे त्यांनी घेतले आहे. शांग्री-लाज नावाच्या क्वीन्समधल्याच मुलींच्या एका गायिका-मंडळावर त्यांची भक्ती होती. म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, गरिबांच्या रेडिओवर वाजणारे, झटपट, भावनेला हात घालणारे गाणे त्यांनी पुन्हा वर काढले. मधल्या काळात साचलेली विद्वत्ता त्यांनी वजा केली. पुढे चार वर्षांनी लंडनमध्ये ज्याला 'पंक' म्हणून साऱ्या जगाने डोक्यावर घेतले किंवा शिव्या घातल्या, त्याचा गाभा तो हाच.

मात्र अकुशलपणाची नुसती आरती मला मान्य नाही. ओव्हरलॉकवर बसून तिरकी शिलाई मारणाऱ्याला मी क्रांतिकारक म्हणत नाही. तो माल परत येतो आणि पैसे कापले जातात. डॉल्सचेही तसेच होते. कित्येकदा त्यांच्या गिटारी सुरात लावलेल्या नसत, आणि वेळेवर येणे तर त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांच्यात पुढे ढोल वाजवायला जेरी नोलन नावाचा ब्रुकलिनचा जरा थोराड माणूस आला. तो पक्का वाजवणारा होता, आणि तो आल्यावर त्या गोंधळाला कणा मिळाला. अडाण्यांच्या मंडळातही एक तरी काम जाणणारा लागतोच, असा माझा युनियनमधलाही अनुभव आहे.

नोलन का आला, ती गोष्ट वाईट आहे. १९७२ च्या ऑक्टोबरात हे मंडळ लंडनला गेले. अजून एकही तबकडी निघालेली नव्हती, कोणत्याही कंपनीशी करार नव्हता, तरी वेंब्लीच्या भव्य सभागृहात रॉड स्टुअर्टच्या मंडळाआधी त्यांना वाजवायला मिळाले. थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बिली मर्सिया एका मेजवानीला गेला. गोळ्या आणि दारू ह्यांनी तो बेशुद्ध पडला. जमलेल्यांनी डॉक्टरला बोलावण्याऐवजी त्याला पाण्याच्या टबात बसवले आणि शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात कॉफी ओतली. तो गुदमरून मेला. वय एकवीस. स्वेटरांच्या धंद्यातला भागीदार असा गेला. कारखान्यात माणूस पडला की आधी फोन करायचा तो दवाखान्याला, मालकाला नव्हे, असे मी प्रत्येक बैठकीत का सांगतो ते ह्यावरून समजावे.

१९७३ च्या मार्चमध्ये मर्क्युरी ह्या कंपनीने त्यांच्याशी दोन तबकड्यांचा करार केला. पंचवीस हजार डॉलर आगाऊ मिळाले. ही आगाऊ रक्कम म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या कामगारांत वावरलेल्यांना समजावून सांगायला नको. मुकादम हंगामाआधी उचल देतो, आणि मग सारा हंगाम ती उचल फेडण्यात जातो. तसाच हा प्रकार. तबकडी विकली गेली तर कलावंताच्या वाट्याचे जे काही पैसे होतील त्यांतून आधी उचल वळती व्हायची. शिवाय व्यवस्थापकांचा हिस्सा आधीच निघून जाणार. ते व्यवस्थापकही एक नव्हते, तीन होते.

पहिली तबकडी आठ दिवसांत मुद्रित झाली आणि २७ जुलै १९७३ रोजी बाजारात आली. तिच्या वेष्टनावर पाचही जण रंगरंगोटी करून एका कोचावर बसले आहेत, आणि वर मंडळाचे नाव लिपस्टिकने लिहिल्यासारखे दिसते आहे. आतले गाणे ऐकण्याआधीच अमेरिकेतल्या गावोगावच्या दुकानदारांनी ती फळीच्या मागच्या बाजूला ठेवली असेल, असे मला ते चित्र पाहून वाटते. ह्यानंतर बरोबर एका आठवड्याने ते हॉटेल कोसळले आणि त्यांचे मंगळवारचे घरच नाहीसे झाले.

विक्रीच्या यादीत तबकडीची मजल एकशे सोळाव्या क्रमांकापर्यंत गेली. १९७४ च्या मे महिन्यात दुसरी निघाली. तिला शांग्री-लाजचाच निर्माता शॅडो मॉर्टन लाभला होता, पण ती एकशे सदुसष्टच्या वर चढली नाही. 'क्रीम' नावाच्या मासिकाने वाचकांचा कौल घेतला, तेव्हा १९७३ चे सर्वांत चांगले नवे मंडळ कोणते ह्या प्रश्नाला उत्तर आले न्यूयॉर्क डॉल्स, आणि सर्वांत वाईट कोणते ह्यालाही तेच उत्तर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश दूरदर्शनवर त्यांचा कार्यक्रम झाला, आणि तो संपताच निवेदकाने हे रॉक नव्हे, रॉकची नक्कल आहे, अशा अर्थाचा शेरा हसत हसत मारला. पण मँचेस्टरकडचा एक चौदा वर्षांचा मुलगा तो कार्यक्रम पाहून वेडा झाला. हा मॉरिसी. पुढे तो स्वतः नामांकित गायक झाला, आणि त्या आधी इंग्लंडातल्या डॉल्सच्या चाहत्यांची संघटना त्याने चालवली. त्याचे नाव लक्षात ठेवावे. शेवटी पुन्हा येणार आहे.

लंडनमध्ये ह्याच सुमारास हॉलिवुड ब्रॅट्स नावाचे अशाच वेषाचे आणि अशाच गळ्याचे मंडळ होते. त्यांचे नशीब ह्यांच्याहूनही खोटे. त्यांची तबकडी निघाली ती मंडळ मोडल्यावर, १९७५ साली, आणि तीही नॉर्वे देशात!

आता मी ज्या भागासाठी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो.

लंडनमध्ये माल्कम मॅकलॅरेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड हे दोघे कपड्यांचे दुकान चालवीत. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या व्यापाऱ्यांचे प्रदर्शन भरले, तेथे हे दोघे माल घेऊन आले, आणि डॉल्सशी त्यांचे सूत जमले. म्हणजे हाही संबंध पुन्हा कपड्यांचाच. १९७५ च्या आरंभी मंडळ जवळजवळ बुडाले होते. थंडर्स आणि नोलन हेरॉइनच्या आहारी गेले होते, केन दारूच्या. मॅकलॅरेनने ते सावरायचे ठरवले. त्याने केनची दारू सोडवण्याची व्यवस्था केली, हे त्याच्या जमेला धरले पाहिजे. आणि मग त्याने एक युक्ती काढली. पाचही जणांना लाल चकचकीत चामड्याचे कपडे शिवले, आणि 'लिटल हिप्पोड्रोम' ह्या जागी त्यांच्या पाठीमागे मोठा लाल झेंडा लावला. त्यावर विळा आणि हातोडा. प्रसिद्धिपत्रकातही माओची भाषा वापरली.

हे वाचले त्या रात्री मला राग आला होता, हे सांगायला संकोच वाटत नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले तेव्हाही गाणाऱ्यांच्या मागे तोच झेंडा होता. पण तो ज्यांच्या हातचा होता ती माणसे समोर मैदानात बसलेली असत. न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात झेंडा आला तो दुकानाच्या फळीवरून, कापडाचा एक उठावदार नमुना म्हणून. खुद्द शहराची काय अवस्था होती? न्यूयॉर्कमध्ये १९५० साली कारखान्यांतून सुमारे दहा लाख माणसे काम करीत. १९७५ च्या सुमारास ती जवळपास निम्म्यावर आली होती, आणि गेलेल्या कामांत कपड्यांचे काम मोठे होते. नगरपालिका दिवाळखोरीच्या दारात होती. त्या कार्यक्रमानंतर चार महिन्यांनी, १ जुलै १९७५ रोजी, हजारो नोकरकपाती झाल्या आणि सफाई कामगार उत्स्फूर्तपणे संपावर गेले. ऑक्टोबरात शहर वाचवण्यासाठी शिक्षकांच्या निवृत्तिनिधीतून रोखे घ्यावे लागले. ज्या पोरांच्या पाठीमागे झेंडा टांगला होता त्यांना ह्यातले काही सांगणारा कोणी नव्हता, आणि टांगणाऱ्याला त्यात गोडी नव्हती. व्हिएटनामचे युद्ध संपायला तेव्हा काही आठवडेच उरले होते. अमेरिकन प्रेक्षकाला त्या लाल रंगाची चेष्टाही रुचली नाही आणि चीडही नीट आली नाही. एप्रिलमध्ये फ्लॉरिडाच्या दौऱ्यावर थंडर्स आणि नोलन मंडळ सोडून न्यूयॉर्कला परतले. सारे पाच वर्षेही टिकले नाही.

परंतु राग ओसरल्यावर दुसरे एक आठवले. ते सांगितल्याशिवाय हे व्याख्यान अर्धवट राहील.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या मे दिनाच्या कार्यक्रमाआधी एक पोरगा कचेरीत आला. काज-बटणाच्या यंत्रावर काम करायचा, पीसवर मजुरी. केस अर्धे तांबडे रंगवलेले, दोन्ही कानांत डूल, नखांना काळा रंग. कारखान्यातल्याच तिघांना घेऊन त्याने गिटार-ढोलाचे एक मंडळ बांधले होते, आणि मे दिनाला दोन गाणी म्हणू द्या, असे त्याचे मागणे होते. गाणी त्यांनी स्वतः केलेली होती, ठेकेदारावर. मी ती ऐकलीसुद्धा नाहीत. सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, आधी केस काप, मग झेंड्याखाली उभा राहा. कचेरीतले लोक हसले. मीही हसलो. तो काही बोलला नाही. पावतीपुस्तक टेबलावर ठेवून गेला. त्याच्या कारखान्यातली वर्गणी तोच गोळा करीत असे. पुढच्या महिन्यात त्या कारखान्यातून अकरा सभासद कमी झाले, आणि पुढे वर्षभरात तेथे आमचे कोणीच उरले नाही. मी त्या वेळी कार्यकारिणीला कारण काय सांगितले? ठेकेदाराची दडपशाही. ठरावाच्या वहीत तसेच लिहिलेले आहे.

मॅकलॅरेनपाशी झेंडा होता आणि त्याखाली कामगार नव्हता म्हणून मी चिडलो. माझ्याकडे दोन्ही होते. तो पोरगा आज कोठे आहे मला माहीत नाही. कोणी म्हणतात सुरतेला आहे.

असो. डॉल्स मोडल्यावर काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण तो इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. मर्सरची जागा गेल्यावर नव्या पोरांना वाजवायला ठिकाण उरले नव्हते. ती सीबीजीबी नावाच्या एका दारूच्या दुकानाकडे वळली. क्वीन्सच्याच चार पोरांनी, ज्यांतला एक बांधकामावर काम केलेला होता, १९७४ च्या ऑगस्टमध्ये तेथे वाजवायला सुरुवात केली. ते रामोन्स. डॉल्स जर रंगमंचावर उभे राहू शकतात तर आपण का नाही, हा धीर त्यांना डॉल्सने दिला होता. मॅकलॅरेन लंडनला परतला तो सिल्व्हेनची पांढरी गिटार बरोबर घेऊन. ती त्याने आपल्या नव्या मंडळातल्या स्टीव्ह जोन्स ह्या पोराच्या हाती दिली. ते मंडळ म्हणजे सेक्स पिस्टल्स. १९७६ च्या डिसेंबरात पिस्टल्सचा जो गाजलेला दौरा निघाला, ज्याचे बहुतेक कार्यक्रम गावोगावी रद्द झाले, त्यात थंडर्स आणि नोलन आपले हार्टब्रेकर्स हे मंडळ घेऊन हिंडत होते. पुढल्या वर्षी पिस्टल्सच्या तबकडीत डॉल्सची टवाळी करणारे 'न्यूयॉर्क' नावाचे एक गाणेही निघाले. गिटार त्यांची आणि टवाळीही त्यांचीच!

थंडर्स १९९१ साली वारला, नोलन १९९२ च्या आरंभी. आर्थर केनची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. तो लॉस एंजेलिसला जाऊन राहिला. दारूने, अपघातांनी आणि दारिद्र्याने पार खचला. पुढे तो मॉर्मन पंथात गेला आणि त्या पंथाच्या वंशावळींच्या ग्रंथालयात नोकरी करू लागला. रोज बसने जायचा, सदरा आणि टाय घालून. बरोबरच्या म्हाताऱ्या बायका ग्रंथालयात कागद लावीत. त्यांना हा पूर्वी कोण होता ह्याची नीट कल्पना नव्हती. २००४ साली मॉरिसीकडे लंडनच्या एका संगीतमहोत्सवाची सूत्रे आली, आणि त्याने उरलेल्या तिघांना एकत्र यायला सांगितले. केन तयार झाला, पण त्याची गिटार गहाण होती. पंथातल्या मंडळींनी पैसे जमवून ती सोडवली. जून महिन्यात रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तो तीस वर्षांनी उभा राहिला. लंडनहून परत आला, पुन्हा ग्रंथालयात कामाला लागला. १३ जुलैला अंगात बरे वाटत नाही म्हणून दवाखान्यात गेला आणि रक्ताच्या कर्करोगाने त्याच दिवशी वारला. त्याच्यावर निघालेला बोलपट २००५ सालचा आहे. तो जरूर पाहावा.

सिल्व्हेन आणि जोहान्सेन ह्यांनी त्यानंतर मंडळ पुन्हा उभे करून तीन तबकड्या काढल्या. सिल्व्हेनलाही कर्करोगच झाला. उपचारांसाठी चाहत्यांकडून वर्गणी काढावी लागली. तो १३ जानेवारी २०२१ रोजी गेला. जोहान्सेन शेवटचा उरला होता. त्यालाही कर्करोग होता, त्यात पडून पाठीचे हाड मोडले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्या कुटुंबाला लोकांपुढे मदतीचे आवाहन करावे लागले. महिना संपायच्या आत, २८ तारखेला, तो वारला. ज्यांच्या नावाने एका साऱ्या संगीतप्रकाराची वंशावळ सुरू होते, त्यांतल्या दोघांच्या औषधपाण्यासाठी झोळी फिरवावी लागली. भविष्यनिर्वाह निधी नाही, विमा नाही, पीसवर काम. आमच्या शिलाईवाल्या बायांना हे सांगितले तेव्हा त्यांतली एक म्हणाली, साहेब, मग ते आपलेच म्हणायचे की. मला साहेब म्हणू नका, असे मी तिला ह्याआधी निदान पन्नासदा सांगितले आहे.

ह्या वर्षीच्या मे दिनासाठी कारखान्यातली पोरे काही बसवीत आहेत. मी त्यांच्या तालमीला जातो, कोपऱ्यात बसतो, आणि केसांबद्दल बोलत नाही. त्यांतल्या निम्म्याचा आवाज बरा आहे. उरलेल्यांचे मे महिन्यापर्यंत काय होते ते पाहायचे.

चिटणिसांनी ध्वनिक्षेपकाची सोय केली आहे. 'पर्सनॅलिटी क्रायसिस' हे त्यांच्या पहिल्या तबकडीतले पहिले गाणे मी मोबाइलवर आणले आहे. पावणेचार मिनिटांचे आहे. पुढच्या रांगेत वडीलधारी मंडळी बसली आहेत, त्यांनी हवे तर मागे जावे; बाहेर चहा तयार आहे. गाणे संपल्यावर मी प्रश्नांना उत्तरे देईन, आणि ज्यांना कामगार संहितांबद्दल विचारायचे असेल त्यांनीही विचारावे.